गोरखचिंचेचं पान

मामांनी फळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, मग जरा जोर लावून दुसऱ्यांदा. नारळ फुटल्यासारखा आवाज आला नाही. सुक्या भोपळ्याला तडा जावा तसा कोरडा, पोकळ आवाज झाला आणि हातभर लांबीच्या त्या फळाची दोन शकलं झाली. वरून हिरवट तपकिरी मखमल, तळहाताला किंचित टोचणारी. आतून मात्र सगळा पांढरा पसारा: खडूचे ढेकूळ असावेत तसे गराचे तुकडे, त्यांच्यामधून गेलेले तांबूस धागे, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एकेक काळपट बी. रसाचा एक थेंब नाही. झाडावरच वाळून जाणारं फळ मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते.

त्यांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. तोंडात टाकल्यावर आधी तो टाळूला चिकटला, पिठासारखा. मग लाळ सुटली आणि गर विरघळायला लागला. चिंचेपेक्षा हलकी, लिंबापेक्षा मवाळ अशी आंबट चव, मागे पुसटसा गोडवा. शेवटी जिभेवर नुसती बी उरली, चिंचोक्यासारखी गुळगुळीत.

हे टांझानियातल्या दार-ए-सलाममधलं. कामानिमित्त मी दोन वर्षं तिथे होते, आणि शेजारी या मामा राहायच्या. तिथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. तिथे बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावाने मारतात, आधी मामा लावून. फोनवर मी आईला सांगायचे, ‘शेजारच्या मामांनी आज डाळ पाठवली,’ आणि ती म्हणायची, ‘मामींना माझा नमस्कार सांग.’ तिला ते समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले.

मसिका म्हणजे तिकडचा मोठा पाऊस, मार्च ते मे. त्या पावसात माझं पोट बिघडलं. दोन दिवस अंगात त्राण नव्हतं. मामा दारात आल्या, ‘पोले साना’ म्हणाल्या. आपल्याकडे या शब्दाला नेमका जोड नाही. ‘अरेरे’ त्यात आहे, ‘काळजी घे’ आहे, आणि ‘तुझं दुखणं माझ्यापर्यंत पोचलं’ हेही आहे. मग घरी जाऊन त्या ते फळ घेऊन आल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात त्यांनी मूठभर तुकडे टाकले आणि बोटांनी कुस्करून गर सुटा केला. पाणी ताकासारखं पांढुरकं झाल्यावर ते चहाच्या गाळणीतून गाळून त्यात साखर घातली, चिमूटभर मीठ घातलं. पेला माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, ‘किडोगो किडोगो.’ थोडं थोडं. घटाघटा प्यायचं नाही.

आणि जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, की ताप आला तर हे पीत बसू नकोस, सरळ जाऊन रक्त तपासून घे, मलेरिया असेल. पुढे पारंपरिक औषधांबद्दल जे जे वाचलं, त्यात हे वाक्य मला क्वचितच भेटलं. घरगुती औषध देणाऱ्या बाईला त्या औषधाची हद्द पक्की ठाऊक होती.

त्या झाडाला तिथे म्बुयू म्हणतात, फळाला बुयू आणि आतल्या गराला उबुयू. जगात ते बाओबाब म्हणून ओळखलं जातं. आपल्या भाषेत गोरखचिंच. मी लहानपणी वसईच्या किल्ल्यात पाहिलेलं, चार माणसांच्या कवेत न मावणारं, उन्हाळ्यात एक पान अंगावर नसलेलं ते राखाडी झाड आणि मामांच्या पेल्यातलं ते पांढरं पाणी एकाच कुळातलं आहे, हे मला त्या आजारपणातच कळलं. तेव्हापासून हे झाड माझ्या मागे लागलं आहे.

मामांनी दिलेल्या पेल्यात जादू काही नव्हती. जुलाबात माणूस खचतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्या पेल्यात उकळलेलं पाणी होतं, साखर होती, मीठ होतं. गरात सायट्रिक आणि टार्टारिक आम्ल असतं, त्यामुळे मळमळत असतानाही ते पाणी घशाखाली उतरतं. गरात पेक्टिनही भरपूर, म्हणजे मुरंब्याला आणि जेलीला दाटपणा आणणारा तोच पदार्थ. आतड्यात तो पाणी धरून ठेवतो. सेनेगल, सुदान, टांझानिया, मलावी, एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या या मुलखांत लोक पोटाच्या तक्रारीवर हाच गर पाण्यात कालवतात. १९९० च्या दशकात सेनेगलमधल्या डाकारच्या डॉक्टरांनी जुलाब लागलेल्या तान्ह्या मुलांवर गराचं असं द्रावण जागतिक आरोग्य संघटनेच्या द्रावणाशी ताडून पाहिलं. संघटनेचं द्रावण थोडं सरस ठरलं, पण तफावत मोठी नव्हती. मला दोन्ही गोष्टी तितक्याच मोलाच्या वाटतात. संघटनेच्या त्या द्रावणाची पुडी मिळत असेल तर पुडीच द्यावी. आणि जिथे पुडी पोचत नव्हती तिथे कित्येक पिढ्यांच्या आयांनी जे केलं, ते अंधारात चाचपडणं नव्हतं.

सुदानात झाडाला तेबल्दी म्हणतात आणि फळाला गोंगोलेस. कोर्दोफानच्या कोरड्या भागात लोक तेबल्दीचं खोड आतून कोरतात आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरून ठेवतात. एकेका झाडात हजारो लिटर मावतं. उन्हाळ्यात गावाची तहान झाडाच्या पोटातून भागते. पोट बिघडलं तर फळ, तहान लागली तर खोड. त्या लोकांना या झाडाचे ‘औषधी उपयोग’ वेगळे काढून सांगायला सांगितलं तर ते गोंधळतील असं मला वाटतं. अन्न कुठे संपतं आणि औषध कुठे सुरू होतं, अशी रेघ त्या झाडावर कुणी ओढलेलीच नाही.

रेघ ओढली ती बाहेरून आलेल्यांनी. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रॉस्पेरो अल्पिनी नावाचा इटालियन वैद्य कैरोत राहत होता. इजिप्तमध्ये हे झाड उगवत नाही. फळं दक्षिणेकडून व्यापाऱ्यांबरोबर यायची आणि कैरोच्या बाजारात औषध म्हणून विकली जायची, तापावर, रक्ती आवेवर. १५९२ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या फळाची नोंद केली. युरोपातल्या अभ्यासकांनी झाड पाहिलं नव्हतं, फळ मात्र औषधाच्या रूपाने आधीच पोचलं होतं.

झाडापर्यंत पोचला तो मिशेल अदांसाँ हा फ्रेंच तरुण. १७४९ मध्ये तो सेनेगलला उतरला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता, आणि १७५३ पर्यंत तिथे राहिला. तिथल्या एका लहानशा बेटावर त्याने ही अवाढव्य झाडं पाहिली. त्यांच्या सालीत जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं होती. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने झाडाच्या शास्त्रीय नावात अदांसाँचं नाव घातलं: आडान्सोनिया डिजिटाटा. डिजिटाटा म्हणजे बोटं असलेली. पान बघितलं की नाव पटतं. एका देठावर पाच किंवा सात पर्णिका, पसरलेल्या पंजासारख्या.

अदांसाँच्या हकिगतीतला एक तपशील मला विशेष आवडतो. युरोपातून आलेली माणसं सेनेगलच्या किनाऱ्यावर तापाने पटापट मरत असत. याने तिथल्या लोकांकडे पाहिलं, ते काय करतात ते विचारलं, आणि बाओबाबच्या पानांचं पाणी नेमाने प्यायला सुरुवात केली. आपण टिकलो याचं श्रेय त्याने त्या पाण्याला दिलं. मलेरियाला ते आवर घालतं असं आज कुणी म्हणणार नाही. पण आपलं नाव जगातल्या एका थोर झाडाला मिळणार असलेला माणूस आधी त्या मुलखातल्या बायकांच्या हातचा काढा मुकाट्याने प्यायला, हे मला फार चांगलं वाटतं.

आता पानाबद्दल. मला या लेखात खरं म्हणजे पानाबद्दलच लिहायचं आहे.

आपण गोरखचिंच म्हटलं की फळ डोळ्यांपुढे आणतो, कारण चिंच हे नावच फळाचं आहे. पश्चिम आफ्रिकेत झाडाचं खरं धन पान. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत जो अर्धकोरडा पट्टा पसरला आहे, तिथे वर्षातले बरेच महिने हिरवं काही मिळत नाही. बाओबाबही आठ-नऊ महिने निष्पर्ण उभा असतो. पहिला पाऊस झाला की पालवी फुटते, आणि मुलं, बाया, बाप्ये लांब काठ्यांना आकडे लावून, नाहीतर थेट झाडावर चढून कोवळी पानं उतरवतात. ओली पानं भाजीत जातात. बाकीची वाळवून, उखळात कुटून त्यांची भुकटी करतात. सेनेगलात वोलोफ लोक तिला लालो म्हणतात आणि बाजरीच्या सांज्यात घालतात. नायजेरिया-नायजरच्या हौसा लोकांची कुका हीच. कुकाचं सार त्यांच्या घरात रोजचं. भुकटी पाण्यात पडली की भेंडीसारखी तार सुटते, गडद हिरवं, बुळबुळीत सार होतं, आणि बाजरीचा नाहीतर ज्वारीचा गोळा त्यात बुडवून खाता येतो.

त्याच भुकटीला घरातलं माणूस आजारी पडलं की औषध म्हणायचं. दम्याला पान, लघवीच्या आणि मूत्राशयाच्या तक्रारींना पान, थकव्याला पान. किडा चावला, गळू झालं, सूज आली तर ओलं पान ठेचून गरम लेप. नारूच्या जखमेवरही पानांचं पोटीस बांधत. नारू आपल्याकडेही होता, जुन्या माणसांना आठवत असेल, पायातून दोरा निघाल्यासारखा किडा निघायचा. त्या वेदनेवर ठेचलेल्या पानाचा ऊबदार, ओलसर लेप किती सुखाचा वाटत असेल, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण पानाची सगळ्यात मोठी औषधी कामगिरी बहुधा त्या बायकांनी औषध म्हणून मोजलेलीच नसेल. मालीमध्ये संशोधकांनी वाळवण्याच्या पद्धती ताडून पाहिल्या. पान उन्हात वाळवलं तर जेवढं अ-जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य उरतं, त्याच्या साधारण दुप्पट ते सावलीत वाळवलेल्या पानात उरतं. पान तेच, झाड तेच, मेहनतही तेवढीच. फक्त चटई अंगणातून पडवीत ओढायची. अ-जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, साधा गोवरही त्यांच्या जिवावर उठतो. अशा मुलखात, जिथे दूध कमी आणि फळं कमी, वर्षभर रोज सारात पडणारी एक चमचा हिरवी भुकटी मुलाच्या डोळ्यांसाठी काय करत असेल याचा विचार करून बघा. त्यात कॅल्शियमही भरपूर असतं. मी हे वाचलं तेव्हा मला मामांच्या पडवीतली चटई आठवली. त्यांचं माहेर दोदोमाकडचं, टांझानियाच्या मधल्या कोरड्या पठारावरचं. तिकडची कोवळी पानं त्यांची बहीण वाळवून पाठवायची आणि मामा ती पुन्हा एकदा सावलीत पसरून ठेवायच्या. मी विचारलं होतं, उन्हात का नाही टाकत, लवकर वाळतील. त्या म्हणाल्या, रंग जातो. हिरवा रंग गेला की पान मेलं.

सालीची गोष्ट वेगळी आहे. ती सांगताना मला जरा सांभाळून बोलायला हवं.

साल म्हणजे तापाचं औषध, असं झाडाच्या जवळपास सगळ्या मुलखांत मानतात. सालीचा काढा कडसर असतो. ज्याच्या सालीतून मलेरियावरचं क्विनाइन मिळतं तो सिंकोना महाग होता, तेव्हा एकोणिसाव्या शतकात काही फ्रेंच डॉक्टरांना वाटलं, की ही साल क्विनाइनची जागा घेईल. ती जागा तिने घेतली नाही. २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझी नदीच्या काठी शुपांगा इथे मेरी लिव्हिंगस्टन तापाने गेल्या. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या त्या पत्नी. त्यांना तिथेच एका बाओबाबखाली पुरलं. ज्या झाडाच्या सालीवर त्या काळच्या वैद्यांची भिस्त होती, त्याच झाडाच्या सावलीत तापाने गेलेली बाई आहे. हे आठवलं की मामांचं दारातलं वाक्य मला पुन्हा ऐकू येतं: ताप आला तर रक्त तपास.

सालीबद्दल दुसरी गोष्ट मात्र निर्विवाद आहे. बहुतेक झाडांची साल गोलाकार सोलली तर झाड मरतं. बाओबाब मरत नाही. तो नवी साल धरतो. माणसं शेकडो वर्षं त्याची साल सोलून दोर वळत आली, टोपल्या, दावी, जाळी विणत आली, आणि झाडाने दर वेळी जखम भरून काढली. लिव्हिंगस्टननेही हे पाहून नवल केलं होतं. झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला की ते जुने वण लागतात, हत्तीच्या कातडीसारखे सुरकुतलेले, वितळून थिजलेल्या मेणासारखे. स्वतःला असं बरं करणाऱ्या झाडाकडे माणूस औषधासाठी गेला, यात नवल काय? दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत मुलगा झाला की त्याला साल भिजवलेल्या पाण्याने न्हाऊ घालत, तो झाडासारखा दणकट व्हावा म्हणून. बिया भिजवलेलं पाणी प्यायलं तर मगर धरत नाही, अशीही समजूत आहे. आणि फूल तोडणाऱ्याला सिंह खातो. फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी ते गळून पडतं. ज्या फुलावर वर्षाचं फळ अवलंबून आहे ते कुणी तोडू नये, म्हणून गावाने सिंहाला राखणीला बसवलं असेल.

मलावीकडे शिकारी बाणांना स्ट्रोफँथस नावाच्या वनस्पतीचं विष लावत. जनावर पडलं की जखमेत बाओबाबच्या सालीचा रस सोडत, म्हणजे विष उतरतं आणि मांस खाता येतं, असं त्यांचं म्हणणं.

आता समुद्राच्या अलीकडे येऊ.

हे झाड मूळचं आपलं नाही. आडान्सोनियाच्या आठ जाती मानतात. त्यातल्या सहा मादागास्करच्या, एक ऑस्ट्रेलियाची आणि ही एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने भारतातल्या झाडांचा माग पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत लावला, आणि ती एकदाच नव्हे तर अनेकदा, वेगवेगळ्या वाटांनी आली असं दाखवलं. अरब आणि स्वाहिली व्यापारी, पोर्तुगीज गलबतं, सैनिक आणि गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकन माणसं, सगळ्यांची ये-जा याच समुद्रावरून होती. म्हणूनच ही झाडं आपल्याला बंदरांजवळ आणि जुन्या सत्तांच्या ठाण्यांवर भेटतात: वसईत, विजापुरात, गोवळकोंड्यात, मांडूत. मांडूत तर फळाला खुरासानी इमली म्हणतात. कर्नाटकात सावनूरच्या मठात ते दोड्डहुणसे आहे, मोठी चिंच. गुजरातेत रूखडो. आपल्याकडे गोरक्षनाथांनी त्याखाली शिष्यांना बसवलं अशी श्रद्धा, म्हणून गोरखचिंच. बुंध्याच्या पोकळीत जोगी बसल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायला फारसे कष्ट पडत नाहीत.

फळाबरोबर त्याचं ज्ञानही थोडं आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत विल्यम डायमॉक नावाचा इंग्रज औषधतज्ज्ञ होता. त्याच्या नोंदींत मला हे सापडलं: कोकणात या फळाचा गर ताकात कालवून जुलाबावर आणि आवेवर देतात. मुंबईत दम्यावर गर अंजिराबरोबर देतात. पित्ताने अन्न पचत नसेल तर जिरं आणि साखर घालून त्याचं सरबत करतात.

ही ओळ वाचून मी किती वेळ नुसती बसून राहिले. मामांच्या पेल्यातलं ते ताकासारखं दिसणारं पाणी, आणि माझ्या मुलखात खरोखरच्या ताकात कालवलेला तोच गर. कुणीतरी बोटीवरून उतरताना नुसतं फळ आणलं नव्हतं, ते कशावर द्यायचं तेही सांगितलं होतं. आणि इथल्या कुणा बाईने ते ऐकून घेतलं, आपल्या घरात जे होतं त्यात कालवलं, जिऱ्याची पूड आपल्या मनाने घातली. त्या दोघांची नावं कुठल्याच नोंदीत नाहीत.

पण पान? पान आलं नाही. मी वसईत विचारलं, इतरत्र ही झाडं राखणाऱ्या माणसांना विचारलं. फळ खाल्लेलं बऱ्याच जणांना आठवतं, शाळेतून येताना दगड मारून पाडलेलं. पानाची भाजी कुणाच्या आठवणीत नाही. एका आजोबांनी मला उलट विचारलं, ‘गोरखचिंचेचं पान खातात? देवाचं झाड ते.’ त्यांच्या सुरात राग नव्हता, आश्चर्य होतं. मला वाटतं इथेच काहीतरी घडलं. कोकणात पावसाळ्यात हिरव्या भाजीला तोटा नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं पायाखाली उगवतात, मग एवढ्या उंच झाडावर चढायचं कशाला? ज्या गरजेने ते पान ताटात आणलं होतं ती गरज समुद्रात राहिली. आणि झाड एकदा देवाचं झालं की त्याला नमस्कार करतात, त्याचा पाला खुडत नाहीत.

श्रद्धेने झाडं जगवली, हे मी मान्य करते. गोरक्षनाथांचं नाव नसतं तर यातली कितीतरी झाडं रस्त्यात गेली असती. तरीही मला हळहळ वाटते. झाडाचा निम्मा अर्थ आपण बंदरावरच सोडून आलो.

हल्ली हे फळ पुन्हा हिंडायला लागलं आहे. २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या वाळलेल्या गराला खाद्य म्हणून परवानगी दिली, पुढच्याच वर्षी अमेरिकेतही वाट मोकळी झाली. आता शहरातल्या काचेच्या बरण्यांमध्ये ते ‘सुपरफूड’ म्हणून बसलेलं असतं, आणि बरणीवर लिहिलेलं असतं की यात संत्र्याच्या सहापट क-जीवनसत्त्व. हे आकडे सरळ वाचायला हवेत. गरात क-जीवनसत्त्व झाडागणिक बदलतं, पण १०० ग्रॅमला १५० ते ३०० मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्तही सापडतं, आणि संत्र्यात ते साधारण ५० असतं. पण संत्रं रसाळ असतं आणि हा गर कोरडा. संत्रं आपण अख्खं खातो, गर मात्र चमचाभर. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून ती भुकटी विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्या बायकांनी हे ज्ञान जपलं त्यांनी असा दावा कधी केला नव्हता. पोट, ताप, अशक्तपणा, दम, सूज, हिरड्या. रोजच्या दुखण्यांची ही साधी यादी होती, आणि पुढे प्रत्येकीचा आपापला ‘किडोगो किडोगो’.

माझी खरी काळजी झाडाची आहे. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या सर्वांत वृद्ध तेरा बाओबाबांपैकी नऊ गेल्या साधारण बारा वर्षांत पूर्ण मेले किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. झिंबाब्वेचा पांके नावाचा वृक्ष २,४०० वर्षांहून जुना होता, तो २०११ पर्यंत संपला. हवामानबदलाचा हात असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. या झाडाचं लाकूड स्पंजासारखं असतं, वजनाचा बराच मोठा भाग नुसतं पाणी. इमारतीला ते निरुपयोगी, म्हणून कुऱ्हाडीपासून ते वाचत आलं. पण कोसळतं तेव्हा मागे ओंडका उरत नाही. तंतूंचा ओलसर ढीग होतो आणि काही महिन्यांत तोही जातो.

मामांच्या तोंडी एक म्हण असायची: ‘हाता म्बुयू उलिआंझा कामा म्चिचा.’ म्बुयूसुद्धा सुरुवातीला म्चिचाएवढाच होता. म्चिचा म्हणजे माठ, आपली माठाची भाजी. मुलगा अभ्यासात मागे पडला की त्या हे म्हणायच्या. मी तेव्हा हसून मान डोलवायचे.

गेल्या वर्षी वसईला गेले तेव्हा झाडाखाली एक फळ पडलेलं मिळालं. घरी आणून ओट्यावर फोडलं. गर ताकात कालवून प्यायले, जिऱ्याची पूड घालून. बिया धुऊन ठेवल्या. बियांचं कवच इतकं टणक की नुसत्या मातीत टाकल्या तर वर्षभर झोपून राहतील. जंगलात हत्तीच्या पोटातून जातात तेव्हा त्यांचा टणकपणा उतरतो. मी कानशीने एकेकीची कड घासली, वरून कढत पाणी ओतलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी बिया टरारून फुगल्या होत्या. पसरट कुंडीत दाटीवाटीने पेरल्या. मालीत आता बायका परसात असेच बाओबाबचे वाफे करतात, झाडासाठी नव्हे, नुसत्या पानासाठी, मेथीसारखे.

पंधरा दिवसांनी पहिली रोपं वर आली. आधी दोन जाड दलं, मग पान. पंजाचं नव्हे. रोप लहान असताना या झाडाला बोटं फुटत नाहीत, साधं एकेक, लांबट, मऊ पान येतं. कुंडीकडे पाहिलं तर कुणीही म्हटलं असतं, माठ लावलाय का?

महिन्याभराने मूठभर पानं खुडली. निम्मी गॅलरीतल्या सावलीत, सुती पंच्यावर पसरली. उरलेली बारीक चिरून मुगाच्या डाळीत टाकली. डाळीला पळीवरून तुटता तुटेना अशी तार सुटली. पंच्यावरची पानं मी दर दोन तासांनी उलटत होते, हात धुऊन, एकेक. चौथ्या दिवशी ती बोटांत कुरकुरीत चुरली गेली आणि रंग अजून हिरवाच होता.